बेस कोट न लावता

त्या फळीवर भुंग्याच्या पाठीसारख्या हिरव्या रंगाच्या तीनच बाटल्या उरल्या होत्या, आणि तिन्ही त्या माणसाच्या मुठीत होत्या.

सात महिने मी तो रंग शोधत होते. इपोहला नाही, पेनांगला नाही, आणि अखेर मिळाला तो आमच्याच ताइपिंगच्या बाजारामागच्या दुकानात, तोही दुसऱ्याच्या हातात! मी त्याचा चेहरा पाहिलाच नाही. माणसाची नखं आधी बघायची मला खोड आहे. याची नखं आखूड, चौकोनी, आणि कडांना इंजिनाचं काळं तेल मुरलेलं. अशा बोटांत नेलपॉलिशची बाटली...

"तिन्ही घेणार?" मी विचारलं.

"हो."

"बायकोसाठी?"

"बेडकासाठी."

तेव्हा मी वर पाहिलं. तो हसत नव्हता. डोळे मात्र हसत होते. त्यानं शर्टाच्या खिशातून एक रबरी बेडूक काढला, पोटाखाली दोन गळ असलेला, आणि माझ्या तळहातावर ठेवला. बेडकाची पाठ कुणीतरी हिरवी रंगवली होती आणि ती जागोजागी सोलली होती.

"तोमान पकडतो मी," तो म्हणाला. "मोठा दातेरी मासा. त्याला हा हिरवा रंग दिसला की डोकं फिरतं त्याचं."

"माझंही. एक बाटली मला द्या."

"मासे मोठे आहेत हो."

"माझी नखंही लहान नाहीत."

आता मात्र तो हसला. बाहेर रोजच्यासारखा चारचा पाऊस सुरू झाला होता, त्यामुळे दोघांनाही दुकानातून हलता येत नव्हतं. तो म्हणाला, "एक देतो. पण मला सांगा, रंग टिकत का नाही? दोन फेकीत बेडूक सोलतो माझा."

"बेस कोट लावता?"

"ते काय असतं?"

"देवा!" मी कपाळाला हात लावला, आणि मग मी सुरूच झाले. आधी पृष्ठभाग पुसून कोरडा करायचा. मग बेस कोट. मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं दम धरायचा. टोकाच्या कडेवरून ब्रश फिरवायचा, कारण टवका नेहमी तिथूनच उडतो. मग वर टॉप कोट. बेस कोट टाळलात तर रंग धरत नाही, आणि धरला तर जन्मभर सोडत नाही. तो मशिदीतलं शुक्रवारचं प्रवचन, खुतबा, ऐकावं तसा मान खाली घालून ऐकत होता.

"तुम्ही हे कुठे शिकवता का?"

"नाही. चष्म्याच्या दुकानात असते मी. हे... हौस आहे. रंग लावून बघते आणि खरंखुरं लिहिते."

"कुठे लिहिता?"

मी माझ्या इंटरनेटवरच्या पानाचं नाव सांगितलं. पाऊस थांबला. तो दोन बाटल्या घेऊन गेला आणि मी एक. त्याचं नाव विचारायचं राहिलं, आणि घरी जाईपर्यंत मला त्या विसराळूपणाचा इतका राग आला की स्कूटरचा इंडिकेटर चालूच राहिला.

आता एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नखावर रंगाचा थर असला की पाणी नखापर्यंत पोचत नाही. पाणी पोचलं नाही तर वजू, म्हणजे नमाजेआधीची हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी, होत नाही, आणि वजूशिवाय नमाज नाही. म्हणजे महिन्यातल्या ज्या पाच-सहा दिवसांत बाईला नमाज माफ असते, तेवढेच दिवस माझे. आमच्याकडे बायका त्याला ‘देवानं दिलेली रजा’ म्हणतात. इतर मुली रजेत पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडून राहतात. मी पहिल्याच सकाळी बाटल्या मांडून बसते! डाव्या हातावर एक रंग, उजव्यावर दुसरा. मग भांडी घासायची, कपडे पिळायचे, दुकानात शंभर चष्मे पुसायचे आणि टवका कधी उडतो ते लिहून ठेवायचं. पाणी आरपार जातं असं लिहिलेल्या बाटल्याही मिळतात. माझ्या ओळखीतल्या काही जणी त्या खुशाल वापरतात. मी कॉफी गाळायच्या कागदावर रंग लावून वर थेंब सोडला आणि खाली बोट धरून तासभर बसले, पण माझं मन काही धजावलं नाही.

उरलेले तीन आठवडे नुसती वाट बघायची. कप्पा उघडायचा, बाटल्या हलवायच्या, परत ठेवायच्या. काक लोंग, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणायची, "अगं, त्या बाटल्यांना चक्कर येत असेल."

आणि दुसरा त्रास म्हणजे माझी नखं रंगली की सगळ्या ताइपिंगला कळतं. दुकानात येणाऱ्या माकचिक लोक, म्हणजे आमच्या या मावश्या, चष्म्याआधी माझ्या नखांचा नंबर काढतात. "सलवा, या महिन्यात दोन दिवस लवकर?" असं भर काउंटरवर विचारतात. आता सवय झाली आहे.

दोन आठवड्यांनी माझ्या पानावर एक फोटो आला. रबरी बेडूक, पाठीवर ओळीनं दातांच्या खुणा. खाली लिहिलं होतं, ‘आपण लिहिलं आहे की हा रंग चौथ्या दिवशी टवका सोडतो. इथे चौथ्या मिनिटाला सोडला. — नझमी, कुआला सेपेतांग.’

मी ते सतरा वेळा वाचलं. मग लिहिलं, ‘बेस कोट?’

‘लावला होता. तोमाननं तुमचा लेख वाचलेला नव्हता.’

तिथून सुरुवात झाली.

नझमी कुआला सेपेतांगच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. रविवारी ताइपिंगला यायचा, आणि आम्ही तळ्याजवळच्या पोपियाच्या, म्हणजे भाजी भरलेल्या गुंडाळ्यांच्या, गाडीपाशी बसायचो. मी पिशवीतून नव्या बाटल्या काढायची. माझ्या तीन रिकाम्या आठवड्यांत त्याच्या बेडकांना ते रंग लागायचे, आणि पुढच्या रविवारी तो अहवाल द्यायचा. "मोतिया गुलाबी, तीन फेकी. मासा आला, बघून परत गेला. लाजला बहुतेक." मी ते हुबेहूब माझ्या पानावर टाकायची. वाचणाऱ्या मुली माझ्या नखांपेक्षा त्या माशाचीच चौकशी करायला लागल्या.

"चिक सलवा," म्हणजे सलवाबाई, असं तो म्हणायचा, "तुम्ही माणसाकडे बघता की त्याच्या हाताकडे?"

"हाताकडे. तोंड खोटं बोलतं."

"मग माझा हात काय सांगतो?"

"साबण संपलाय असं सांगतो."

दुसऱ्या महिन्यात कधीतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कुणी आधी म्हटलं ते आठवत नाही. आठवतो तो एक रविवार. त्या दिवशी माझी नखं जांभळी होती, रजेचा दुसरा दिवस, आणि कंबर मोडून आली होती. मी हात टेबलाखाली लपवले. पुरुषासमोर ते असं... कळणं... नको वाटतं ना! त्यानं पाहिलं होतं.  उठून गाडीवर गेला आणि माझ्यासाठी आल्याचा गरम चहा घेऊन आला. मग खाली बसून समोरच्या तळ्याकडे बघत बेडकांबद्दल काहीबाही बोलत राहिला. पुढच्या महिन्यातही तसंच. न विचारता आल्याचा चहा.

तेव्हा मला कळलं की मी त्याच्यावर प्रेम करते. आणि कळल्यापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही. रविवार गेला की सोमवारपासून पुढचा रविवार दिसायला लागायचा, आणि मधले दिवस कसे ढकलायचे तेच समजेना. नमाजेत मन लागेना, याची लाज वाटायची ती वेगळीच. काउंटरवर एका म्हाताऱ्या पाकचिकला, म्हणजे काकाला, मी उलटा चष्मा घातला. तो बिचारा म्हणाला, "पोरी, हा मला बरा दिसतोय, पण कानावर बसत नाही."

सहा महिने झाले तेव्हा एका रविवारी नझमी नेहमीपेक्षा उशिरा आला. पोपिया समोर आला तरी त्यानं हात लावला नाही.

"तवाऊला एक कारखाना आहे," तो म्हणाला. "बोटींच्या इंजिनांचा. एक वर्षासाठी बोलावतायत. पुढच्या सोमवारी सकाळी हो किंवा नाही सांगायचं आहे."

तवाऊ! समुद्रापलीकडे, विमानानं जायचं गाव. माझ्या हातातला चमचा बशीत वाजला.

"मग... काय सांगणार?"

"कुणी थांब म्हटलं तर थांबेन."

"कोण म्हणेल?"

"बेडूक तर म्हणणार नाही."

शब्द माझ्या ओठांवर आला होता. अगदी टोकाशी. पण पुढच्या शनिवारी काक लोंगचा निकाह होता. थोरली उजवायच्या आत धाकटीनं आपल्या लग्नाचं नाव काढलं तर ती थोरलीवरून उंबरठा ओलांडते, असं आमच्याकडे धरतात. मग थोरलीला मानाचा आहेर द्यावा लागतो आणि लोक बोलायचे ते बोलतातच. काक लोंग चौतीस वर्षांची. इतकी वर्षं प्रत्येक लग्नात ‘तुझं कधी?’ ऐकत तिनं हसून वाढपं केली. तिच्या त्या एका दिवसावर मला माझी सावलीसुद्धा पडू द्यायची नव्हती.

"शनिवारनंतर सांगते," मी म्हटलं.

"शनिवारी काय आहे?"

"घरी कार्य आहे. मशिदीत जायचंय सगळ्यांना. ते होऊन जाऊ दे."

लग्न हा शब्द मी मुद्दाम टाळला. त्याच्यासमोर तो उच्चारला असता तर माझं तोंड लाल झालं असतं, आणि त्यानं चिडवलं असतं, आणि मग मी सगळंच बोलून बसले असते. आता वाटतं, बसले असते तर काय बिघडलं असतं? पण तेव्हा मी फार शहाणी होते.

माझी रजा नेमकी त्याच आठवड्यात आली. घरात पाहुणे, अंगणात मांडव, आणि माझ्या कप्प्यात इपोहच्या एका बाईनं घरी बनवून पाठवलेले पाच रंग. मी तिला रविवारपर्यंत लिहिते म्हणून शब्द दिला होता. चार रंग कसेबसे उरकले. पाचवा लाल. गर्द, पिकल्या मिरचीसारखा. गुरुवारी दुपारी नारळाच्या करंट्या खवणीवरून उठून मी तो लावायला बसले, मनात तवाऊ, कानात पाहुण्यांची हाक... आणि मी बेस कोट लावला नाही. मी! जगाला बेस कोट शिकवणारी!

शुक्रवारी संध्याकाळी रजा संपली. न्हाऊन मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजेला उभं राहायचं होतं. कापूस रिमूव्हरमध्ये बुचकळला, घासघास घासला. रंग उतरला आणि पसरला. दहाही नखं केशरी-लाल, आणि बोटांची पेरंसुद्धा. लिंबू लावलं, दात घासायची पेस्ट लावली, सासरी जाणाऱ्या बहिणीचा महागडा साबणही लावला. काही उपयोग नाही. डाग म्हणजे थर नव्हे, त्यामुळे नमाज अडली नाही, एवढंच.

काक लोंग खोलीत बसली होती, दहा बोटांना इनाई, म्हणजे आमची मेंदी, लावून. नवरीची पेरं अशीच रंगवतात. तिनं माझा हात पाहिला आणि हसून लोळायची बाकी राहिली.

"मेंदीवालीला उगाच बोलावलं! तुझ्याकडूनच करून घेतलं असतं."

"हस, हस. उद्या हात बाहीत लपवीन."

"आणि तबक काय डोक्यावर नेशील?"

शनिवारी घरच्या सगळ्या बायकांनी नवरीसारखंच पांढरं नेसायचं ठरलं होतं. पांढरा बाजू कुरुंग, म्हणजे लांब झगा, आणि डोक्याला पांढरा तुडुंग. निकाह झाला, काक लोंग आत मोठ्या बायकांच्या घोळक्यात रडत होती, आणि मी विड्याच्या पानांचं सजवलेलं तबक घेऊन मशिदीच्या दारात उभी होते. शेजारी नवरदेवाचा भाऊ, तोही नटलेला. झिमझिम पाऊस पडत होता. तेवढ्यात फाटकापाशी एक मोटारसायकल थांबली.

नझमी! त्याला शनिवार संपेपर्यंत दम निघाला नव्हता! मला इतका आनंद झाला की तबक त्या भावाच्या हातात कोंबून मी हात वर केला. पूर्ण पंजा, पाचही बोटं पसरून. नझमीनं हाताकडे पाहिलं. मग माझ्या कपड्यांकडे, मग शेजारच्या माणसाकडे. 

"अभिनंदन," तो म्हणाला.

"थँक्यू!" मी ओरडले. "जेवायला ये ना घरी!"

"नको. एक बोट अडलीय."

त्यानं हेल्मेट चढवलं आणि गेला. आणि मी? मी मनात म्हटलं, किती लाजरा आहे हा! घरच्या माणसांना बघून पळालाच!

रविवारी सकाळी मी त्याला निरोप पाठवला. ‘शनिवार झाला. आता सांगते. पोपिया?’ उत्तर नाही. दुपारी पाठवला, उत्तर नाही. चार वाजता पोपियाच्या गाडीपाशी जाऊन बसले, पाऊस येऊन गेला, गाडीवाल्यानं दोनदा विचारलं, "आज एकच?" संध्याकाळी फोन केला. वाजला आणि थांबला.  सोमवारी सकाळी त्याला तवाऊला उत्तर द्यायचं होतं आणि मी अजून ‘थांब’ म्हटलेलंच नव्हतं. घरात चार येरझाऱ्या, अंगणात चार, परत फोन. आईनं सरबत दिलं ते मी कुंडीत ओतलं. का चिडला असेल? जेवायला हात धरून नेलं नाही म्हणून?

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी आले तर काक लोंग नवऱ्यासोबत आली होती आणि मोबाईलवर लग्नाचे फोटो दाखवत होती.

"हा बघ," ती म्हणाली. "यात नवरी कोण, मी की तू? पांढरी काय, लाल बोटं काय, शेजारी माझा दीर काय! जो आपल्याला ओळखत नाही तो तुलाच आहेर देऊन जाईल."

मी फोटो पाहिला. मग माझा हात पाहिला.

"अभिनंदन..." मी म्हटलं.

"कुणाचं?"

"मी थँक्यू म्हणाले, काक लोंग! मी त्याला थँक्यू म्हणाले!"

मग दोन मिनिटांत तिला सगळं सांगितलं. नझमी, बेडूक, तवाऊ, सगळं. ती आधी रागावली. "माझ्यासाठी थांबलीस? कुणी सांगितलं होतं? आहेर घेऊन दिला असतास मला, वर पिशवीही मागितली असती!" मग तिनंच माझी स्कूटरची किल्ली शोधून दिली.

मी दुकानात फोन केला. चष्म्याच्या दुकानात डोळे दुखतात सांगून रजा मिळत नाही, म्हणून पोट सांगितलं.

नझमी धक्क्यावरच होता, एका उघड्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून. बाजूला बांधलेल्या दोन पेट्या. मी हाक मारली तेव्हा त्यानं आधी माझ्या हाताकडे पाहिलं. ही खोड माझीच, त्याला लागलेली.

"एकट्याच आलात?" तो म्हणाला. तुम्ही! "साहेब नाही आले?"

"कुठले साहेब?"

"मी मशिदीत पाहिलं शनिवारी."

"काय पाहिलंस?"

"पांढरे कपडे. रंगलेली दहा बोटं."

"दहा मोजलीस?"

"पाच मोजली. तूच तर हात उंच करून दाखवलीस."

मी पिशवीतून रिमूव्हर काढलं, कापूस काढला आणि त्याच्या समोर अंगठा घासला. कापूस गुलाबी झाला. तो मी त्याच्या नाकाखाली धरला.

"इनाई अशी निघते?"

त्यानं वास घेतला. 

"नेलपॉलिश?"

"डाग आहे. बेस कोट लावला नव्हता."

"तू?" तो खरोखर हादरला. "तू बेस कोट लावला नव्हतास?"

"घाई होती!"

"सलवा, तू मला त्या बेडकावरून तासभर—"

"बेडूक राहू दे! लग्न माझ्या बहिणीचं होतं. थोरल्या बहिणीचं. म्हणून मी शनिवारनंतर सांगते म्हटलं होतं. तिच्याआधी मला बोलता येत नव्हतं."

तो तेलाच्या डब्यावर बसला. डोकं हातात धरलं, आणि केसांना तेल लागलं तरी त्याला कळलं नाही.

"मी अभिनंदन म्हणालो," तो हळूच म्हणाला, "आणि तू थँक्यू म्हणालीस."

"हो."

"वर जेवायला बोलावलंस."

"हो..."

"मला वाटलं, काय निर्दय बाई आहे!"

आम्ही दोघंही हसायला लागलो. पलीकडच्या बोटीवरचे कोळी बघायला लागले इतकं हसलो. मग माझं हसू ओसरलं, कारण मला त्या पेट्या दिसल्या.

"सांगून टाकलंस?"

"सकाळी आठला. हो म्हणून सांगितलं. शुक्रवारचं विमान आहे."

"एकदा विचारायचं होतंस मला!"

"काय विचारणार होतो? लग्न झालं का म्हणून? बोटं सांगत होती ना!"

"बोटांना काय विचारतोस? मी काय मेले होते? मला विचारायचं!"  मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. "आता नाही सांगता येणार?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माझ्या नावासाठी त्यांनी दुसऱ्या माणसाला नकार कळवला, सलवा. दुपारीच. आता शब्द फिरवला तर त्यांचा हंगाम बुडतो." मग वर बघून म्हणाला, "तू नको जाऊ म्हण. मी फिरवतो."

तो खरंच फिरवणार होता. मला त्याच्या तोंडावर ते दिसत होतं, आणि तोंड खोटं बोलत नव्हतं. आठवडाभर ज्या एका शब्दासाठी मी तळमळत होते तो शब्द आता त्यानं माझ्या हातात ठेवला होता, आणि मला तो वापरता येत नव्हता. शब्द मोडणारा माणूस मला नको होता. मला हाच हवा होता.

"मला तू हवा आहेस," मी म्हटलं. भर धक्क्यावर, मासळीच्या टोपल्यांमध्ये. "जा तू. वर्षभर राहा. पण विमानात बसायच्या आधी तुझ्या आईला आमच्या घरी पाठव."

नझमी उभा राहिला.  म्हणाला, "फोन खिशात आहे. माझे हात..." दोन्ही हात तेलानं काळे. मी त्याच्या खिशातून फोन काढला, तो नंबर सांगत गेला, मी दाबत गेले. 

"माक," तो फोनकडे वाकून म्हणाला, "एक मुलगी आहे..."

"ती नखांवर लिहिणारी ना?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "सहा महिने बेडकांना गुलाबी रंग फासतोयस, मला काय दिसत नाही? पण तिचं तर लग्न झालं म्हणालास! दोन दिवस जेवला नाहीस!"

नझमीनं डोळे मिटले. मी फोन माझ्याकडे घेतला.

"अस्सलामु अलैकुम, माकचिक. मी सलवा. माझं लग्न नाही झालं. बहिणीचं झालं."

 पलीकडून आधी सलामाचा जबाब, आणि मग अगदी वेगळा, मऊ आवाज. "हो का, बाळ? अल्हम्दुलिल्ला. बरं झालं बाई. मग आता घाई कशाला? तो तिकडे रुळू दे. आपल्यात आधी दोन बायका चौकशीला येतात, मग विड्याचं पान ठेवून मागणी घालायची, सगळं रीतीनं करू. ईद होऊ दे. ईदनंतर चांगला दिवस बघून येते मी तुझ्या आईकडे."

ईद चार महिन्यांवर होती. नझमी माझ्याकडे बघत होता. मोठ्या माणसांपुढे मी कधी उलट बोललेली नाही.

"माकचिक," मी म्हटलं, "त्याची वाट मी वर्षभर बघेन. मला वाट बघायची सवय आहे, महिन्यातले तीन आठवडे मी तेच करते. पण त्याची आणि तुमची, दोघांची नाही बघवणार माझ्याच्यानं... उद्या या."

 धक्क्यावर कुणीतरी एक इंजिन चालू करून बंद केलं. मला वाटलं, संपलं. उद्धट पोरगी, म्हणेल.

"उद्या दुपारी येते," ती म्हणाली. "चहा बिनसाखरेचा ठेव. मला साखर चालत नाही."

मी हो म्हटलं. तीनदा म्हटलं.